ओतीव भागांपासून वाफेचे इंजिन

वाफेच्या इंजिनाची आकृती तुम्ही कधी ना कधी काढली असेल. एक सिलिंडर, त्यात मागेपुढे सरकणारा दट्ट्या, दट्ट्याला जोडलेला दांडा, क्रँक आणि एक मोठे चाक. वाफ कोठून येते आणि कोठून जाते हे बाणांनी दाखवले की झाली आकृती पुरी. पण या आकृतीत एक गोष्ट दाखवता येत नाही. हे सारे भाग एकमेकांशी किती नेमके जुळावे लागतात, ती ही गोष्ट. कागदावर दट्ट्या जरा तिरपा काढला तर फार तर अर्धा गुण जाईल. लोखंडात तो मिलिमीटरच्या एकदशांशाने तिरपा बसला, तर इंजिन अडून बसते आणि कोणतीही सबब ऐकून घेत नाही.

म्हणून वाफेचे छोटे इंजिन स्वतः बनवणे हा पदार्थविज्ञान शिकण्याचा एक फार चांगला, पण थोडा कठोर मार्ग आहे. हे काम कसे करतात आणि ते करताना आपण काय काय शिकतो, ते आज पाहू या.

हौशी लोकांनी अशी इंजिने बनवण्याची चाल इंग्लंडमध्ये चांगलीच रुजलेली आहे. १८९८ साली तेथे पर्सिव्हल मार्शल यांनी खास अशा हौशी कारागिरांसाठी ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक सुरू केले. त्याच सुमारास स्टुअर्ट टर्नर नावाचा एक तरुण अभियंता एका मोठ्या वाड्यातील वाफेवर चालणाऱ्या जनित्राची देखभाल करत होता. त्याने एका छोट्या इंजिनाचा आराखडा केला, त्याचे भाग ओतून घेतले आणि ते तसेच, कच्च्या स्वरूपात, विकायला काढले. मागणी इतकी आली की पुढे १९०६ साली त्याच्या नावाची कंपनी उभी राहिली. टेम्स नदीकाठच्या हेन्ली गावची ही कंपनी. तिच्या इंजिनांपैकी ‘दहा व्ही’ नावाचे उभे इंजिन जगभरच्या नवशिक्यांनी बनवले आहे. त्याच्या सिलिंडरचा व्यास पाऊण इंच, म्हणजे सुमारे १९ मिलिमीटर. दट्ट्याची धावही तेवढीच. आणि जड चाकाचा, म्हणजे फ्लायव्हीलचा, व्यास ३ इंच. सारे इंजिन तळहातावर मावते. आजच्या लेखात आपण उदाहरणासाठी हेच माप धरू.

असा संच उघडला की पहिल्यांदा निराशाच होते. चकचकीत इंजिनाचे चित्र मनात असते आणि हाती येतात करड्या रंगाचे, खरबरीत, वाळूचे कण चिकटलेले बिडाचे तुकडे. हा बहुधा सिलिंडर असावा, ही तळपट्टी, हा उभा खांब, हे आऱ्यांचे चाक. शिवाय थोडे गनमेटलचे, म्हणजे तांबे-कथिलाच्या मिश्रधातूचे, लहान तुकडे असतात. त्यांतून बेअरिंगे व्हायची असतात. पोलादी सळ्या, मूठभर स्क्रू आणि आराखड्याचा एक कागद. एकाही भागाला अजून एकही भोक नाही, एकही बाजू सपाट नाही.

मग सरळ लोखंडाच्या ठोकळ्यातूनच सगळे का कापून काढू नये? काही भाग तसे काढता येतीलही. पण सिलिंडरचाच विचार करा. मध्ये पोकळ नळी, दोन टोकांना रुंद कडा, एका बाजूला वाफेच्या झडपेसाठी सपाट बैठक. किंवा वक्र आऱ्यांचे चाक घ्या. ठोकळ्यातून ते काढायचे म्हणजे निम्म्याहून अधिक धातूचा कीस करून टाकायचा. ओतकामात धातू जवळजवळ हव्या त्या आकारातच गोठतो. आधी लाकडाचा नमुना करतात, तो वाळूत दाबून साचा तयार करतात आणि त्यात वितळलेले बीड ओततात. आपल्याकडे कोल्हापूरच्या ओतशाळा या कामासाठी नावाजलेल्या आहेत. तुम्हांला संधी मिळाली तर एखादी ओतशाळा जरूर पाहा आणि नमुना करणाऱ्या कारागिराजवळची मोजपट्टी मागून घ्या. तुमच्या कंपासपेटीतील पट्टीशी ती जुळणार नाही! बीड गोठून थंड होताना शेकडा एकाच्या आसपास आक्रसते. त्यामुळे नमुना तेवढ्या प्रमाणात मोठा करावा लागतो, आणि दर वेळी आकडेमोड करण्याऐवजी नमुनेवाले मुळातच थोडी ‘लांब’ पट्टी वापरतात. शिवाय पुढे ज्या बाजू कापून सपाट करायच्या तेथे एक-दोन मिलिमीटर धातू जास्तीचा ठेवलेला असतो.

आता लेथवर जाऊ. लेथ घरी असण्याचा प्रश्नच नाही. एखाद्या आय.टी.आय.च्या किंवा तंत्रशाळेच्या कार्यशाळेत, तेथील शिक्षक शेजारी उभे असताना हे काम करावे. तेथील अनुभवी फिटर तुम्हांला दोन गोष्टी लगेच सांगेल. एक, ओतीव तुकड्याची वरची साल कडक असते, कारण वाळूला लागलेला धातू आधी आणि झटकन थंड झालेला असतो. या सालीवरून हत्याराचे टोक नुसते घासत नेले तर धार बोथट होते. म्हणून पहिलाच काप सालीच्या खालून जाईल इतका खोल घ्यावा. दुसरी गोष्ट, बीड कापताना तेल-पाणी सोडायचे नाही. पोलादाचे लांब, वेटोळे झालेले कीस निघतात, तर बिडाची नुसती काळी भुकटी पडते. बोटाला लावून पाहिली तर ती पेन्सिलीच्या शिशासारखी लागते, आणि खरोखरच तिच्यात तेच असते. करड्या बिडात कार्बन हा ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपाने विखुरलेला असतो. तो हत्याराला वंगण पुरवतो आणि पुढे इंजिन चालू लागल्यावर सिलिंडरच्या भिंतीलाही पुरवतो. सिलिंडरसाठी बीड का निवडतात, याचे निम्मे उत्तर त्या काळ्या भुकटीत आहे.

सर्वांत महत्त्वाचे काम सिलिंडरचे भोक कातणे. येथे एक नियम पाळतात. भोक आणि सिलिंडरचे एक टोक एकाच पकडीत कातायचे. तुकडा चकमधून काढून पुन्हा बसवला की तो पूर्वीच्या जागी तंतोतंत बसत नाही. थोडा तरी डळमळतो. पण एकाच पकडीत लेथच्या त्याच अक्षाभोवती भोकही कातले आणि टोकही सपाट केले, तर भोकाचा अक्ष त्या टोकाशी काटकोनातच राहणार. तेथे आपले कौशल्य कमी असले तरी लेथची रचनाच आपल्याकडून भूमिती पाळून घेते. मग त्या सपाट टोकाच्या आधाराने पुढचे सगळे भाग बसवायचे. खांबाचा वरचा पृष्ठभाग, दट्ट्याच्या दांड्याची वाट, क्रँकच्या आसाची बेअरिंगे, सारे काही त्या एका अक्षाला धरून. सिलिंडरचा अक्ष क्रँकच्या आसाला काटकोनात छेदला पाहिजे, ही या इंजिनाच्या भूमितीची गुरुकिल्ली.

हे भोक कातण्याचे काम किती मोलाचे आहे हे इतिहासही सांगतो. जेम्स वॅटने आपल्या सुधारलेल्या इंजिनाचे पेटंट १७६९ मध्ये घेतले, पण पुढे कित्येक वर्षे त्याला पुरेसा गोल सिलिंडर मिळेना. दट्ट्या आणि भिंत यांच्यामधून वाफ निसटत असे. कापड, कागद, नाना तऱ्हांची भरणे वापरून झाली. शेवटी जॉन विल्किन्सन या लोखंडाच्या कारखानदाराने १७७५ च्या सुमारास एक यंत्र केले. पूर्वीच्या यंत्रांत कापणारे हत्यार एका टोकाला टेकू दिलेल्या दांड्यावर असे, आणि तो दांडा आपल्याच भाराने लवत असे. विल्किन्सनने दांडा सिलिंडरच्या आरपार नेऊन दोन्ही टोकांना टेकू दिला. एवढाच फरक! पण त्यानंतर ५० इंच व्यासाच्या सिलिंडरमध्येही जुन्या शिलिंगच्या जाडीएवढी चूक राहिली नाही, असे वॅटचा भागीदार बोल्टन याने समाधानाने लिहून ठेवले आहे. माझ्या मते पाठ्यपुस्तकांत वॅटच्या शेजारी विल्किन्सनचे नाव यायला हवे.

या संदर्भात आपल्या देशातील एका कारागिराचीही आठवण ठेवली पाहिजे. बंगालमध्ये टिटागढ येथे राहणाऱ्या गोलकचंद्र नावाच्या लोहाराने सेरामपूरच्या कागद कारखान्यातील इंजिन पाहून, कोणाही युरोपियनाच्या मदतीशिवाय स्वतः एक वाफेचे इंजिन घडवले. १८२८ मध्ये कलकत्त्याच्या प्रदर्शनात त्याबद्दल त्याला ५० रुपये बक्षीस मिळाले. आणि आपल्या मुंबईचे जहाजबांधणी करणारे अर्देशीर करसेटजी वाडिया यांनाही वाफेच्या इंजिनांचाच ध्यास होता. १८४१ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सदस्य झाले.

असो. आता दट्ट्याकडे वळू. दट्ट्या सिलिंडरमध्ये किती घट्ट बसवावा? सैल ठेवला तर वाफ निसटते, घट्ट ठेवला तर अडकतो. शिवाय वाफेची उष्णता येताच माप बदलते. बिडाचा रेषीय प्रसरणांक दर अंशाला सुमारे ०.००००११ आहे. १९ मिलिमीटरचा तुकडा १०० अंशांनी तापला तर सुमारे ०.०२ मिलिमीटरने वाढेल. दट्ट्या आणि सिलिंडर दोन्ही बिडाचे असतील तर दोन्ही सारखेच वाढतात. पण कोणी हौसेने ॲल्युमिनिअमचा दट्ट्या केला तर? त्याचा प्रसरणांक दुपटीहून अधिक, म्हणून तो ०.०४ मिलिमीटरच्या वर वाढेल. आधी ठेवलेली फट ०.०२ मिलिमीटरची असेल तर संपलीच. असे इंजिन थंड असताना हाताने सुरेख फिरते आणि वाफ सोडल्यावर पाच मिनिटांनी आवळून बसते. कारण न समजणारा माणूस तेल सोडत बसतो! व्यवहारात दट्ट्यावर एक खाच पाडून तिच्यात ग्रॅफाइट लावलेला दोरा गुंडाळतात. तो दबतो, फुगतो आणि वाफ अडवतो.

यानंतर येते झडप. या लहान इंजिनांत बहुधा सरकती झडप असते. सिलिंडरच्या बाजूला जी सपाट बैठक असते तिच्यावर तीन खाचा असतात. दोन बाजूंच्या खाचांतून सिलिंडरच्या दोन टोकांकडे वाटा जातात. मधली खाच वापरलेली वाफ बाहेर सोडण्यासाठी. या तीन खाचांवर एक उपडी डबी ठेवल्याची कल्पना करा. डबी एका बाजूला सरकली की तिची कड एक खाच उघडी करते आणि बाहेरची ताजी वाफ त्या वाटेने सिलिंडरमध्ये शिरते. त्याच वेळी डबीच्या पोकळीखाली दुसरी खाच आणि मधली खाच जोडल्या जातात, आणि दट्ट्याच्या पलीकडची वाफ निघून जाते. डबी उलट सरकली की सारे उलट होते. म्हणजे वाफ दट्ट्याला दोन्ही बाजूंनी आळीपाळीने ढकलते.

डबी हलवायची कोणी? क्रँकच्या आसावरच एक चकती बसवतात, पण तिचे मध्य आसाच्या मध्यापासून थोडे बाजूला असते. ही उत्केंद्री चकती. आता एक प्रश्न स्वतः सोडवून पाहा. दट्ट्या अगदी टोकाला थांबलेला असताना झडप कोठे असली पाहिजे? ती बरोबर मध्यावर आणि पूर्ण वेगाने सरकत असली पाहिजे, म्हणजे पुढच्या क्षणी खाच उघडेल. दट्ट्या टोकाला तेव्हा झडप मध्याला. म्हणून उत्केंद्री चकती क्रँकच्या ९० अंश पुढे असावी लागते. ज्या विद्यार्थ्यांना त्रिकोणमितीत साइन आणि कोसाइन यांचे आलेख वेगळे का काढायला लावतात असा प्रश्न पडतो, त्यांना त्याचे उत्तर येथे लोखंडात दिसेल.

प्रत्यक्षात डबीच्या कडा खाचांपेक्षा थोड्या रुंद ठेवतात. त्यामुळे दट्ट्याची धाव पुरी होण्याआधीच वाफ बंद होते, आणि आत असलेली वाफ प्रसरण पावून उरलेले काम करते. वाफेची बचत होते. पण आता दट्ट्या टोकाला असताना झडप मध्याच्या पुढे, त्या जास्तीच्या कडेएवढी सरकलेली असायला हवी. समजा ही कड ०.८ मिलिमीटर आहे आणि झडप मध्यापासून दोन्हीकडे २ मिलिमीटर सरकते. ज्या कोनाची साइन ०.४ तो कोन सुमारे २४ अंश. म्हणून चकती ९० ऐवजी ११४ अंश पुढे बसवायची. तीच चकती क्रँकच्या दुसऱ्या बाजूला तेवढ्याच कोनात फिरवून बसवा, इंजिन उलटे फिरू लागेल.

सारे जुळले की आता इंजिनाकडून काय अपेक्षा करावी? हिशेब करू. दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे २.८५ चौरस सेंटिमीटर आणि धाव १.९ सेंटिमीटर; म्हणजे एका धावेत सुमारे ५.४ घन सेंटिमीटर वाफ. एका फेऱ्यात दोन धावा, म्हणून जवळजवळ ११ घन सेंटिमीटर. वातावरणाच्या दाबाहून २ बार अधिक दाबाची वाफ पूर्ण धावभर मिळाली असे मानले तर एका फेऱ्यात सुमारे २.२ ज्यूल कार्य होईल. सेकंदाला १० फेरे झाले तर २२ वॉट. कागदावर ठीक दिसते. पण या दाबाची वाफ १३३ अंश सेल्सिअसला तयार होते, आणि सेकंदाला १०८ घन सेंटिमीटर वाफ म्हणजे सुमारे ०.१८ ग्रॅम पाणी उकळायला हवे. त्यासाठी जवळजवळ ४७० वॉट उष्णता लागते. कार्यक्षमता शेकडा पाचसुद्धा नाही! १३३ आणि १०० अंश या दोन तापमानांच्या दरम्यान आदर्श यंत्रसुद्धा शेकडा आठांपलीकडे जाऊ शकत नाही, हे कार्नोच्या सूत्राने शिक्षक तुम्हांला दाखवतील. आणि प्रत्यक्षात हे छोटे इंजिन शेकडा एकापर्यंतही बहुधा पोचत नाही.

एवढी उष्णता जाते कोठे? या प्रश्नानेच इतिहास घडवला आहे. १७६३-६४ च्या हिवाळ्यात ग्लासगो विद्यापीठातील न्यूकोमेनच्या इंजिनाचे एक मॉडेल दुरुस्तीसाठी वॅटकडे आले. त्याचा सिलिंडर २ इंच व्यासाचा आणि धाव ६ इंचांची. दुरुस्त झाल्यावरही ते चार-दोन फेरे मारून थांबे, कारण बॉयलरला वाफ पुरवणे जमेना. मोठी इंजिने तर खाणींतून दिवसरात्र चालत होती. मग मॉडेललाच काय झाले? सर्व लांब्या दहापट लहान करा. घनफळ हजारपट कमी होते, पण पृष्ठभाग शंभरपटच कमी होतो. म्हणजे तेवढ्याच वाफेला थंड करणारी भिंत मॉडेलमध्ये दहापट जास्त. न्यूकोमेनच्या इंजिनात तर सिलिंडरमध्येच थंड पाणी सोडून वाफ द्रवरूप करत. त्यामुळे दर फेऱ्याला नवी वाफ आधी थंड भिंत तापवण्यातच खर्ची पडे. मोठ्या इंजिनात हा दोष होताच, पण तो झाकला गेला होता. मॉडेलने तो मोठा करून दाखवला. वाफ सिलिंडरबाहेर, वेगळ्या पात्रात थंड करावी ही कल्पना वॅटला १७६५ मध्ये सुचली. तुमच्या छोट्या इंजिनाच्या तोंडातून सुरुवातीला वाफेऐवजी पाण्याच्या पिचकाऱ्या उडतील तेव्हा वॅटने पाहिलेलीच गोष्ट तुम्ही पाहत असाल. त्या वेळी चाक हाताने सावकाश फिरवावे, म्हणजे पाणी निघून जाईल. पाणी दाबले जात नाही, आणि ते दट्ट्या व झाकण यांच्यामध्ये सापडले तर काहीतरी वाकते.

आता बॉयलरविषयी. येथे मी मुद्दाम कडक शब्द वापरतो. बॉयलर घरी बनवू नका. पत्र्याचा डबा किंवा स्वयंपाकाचा प्रेशर कुकर यांना नळी जोडून इंजिन चालवण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. कारण ऐका. अर्धा लिटर पाणी १३३ अंशांवर दाबाखाली आहे आणि भांडे अचानक फाटले. दाब जाताच पाण्याला १०० अंशांवर यावे लागते. प्रत्येक ग्रॅममागे ३३ कॅलरी, म्हणजे एकूण १६,५०० कॅलरी उष्णता मोकळी होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला ५४० कॅलरी लागतात. तेव्हा सुमारे ३० ग्रॅम पाणी क्षणात वाफ होते. ती वाफ जागा व्यापते ५० लिटर! दोन मोठ्या बादल्यांहून जास्त उकळती वाफ, तोंडासमोर, डोळ्याचे पाते लवायच्या आत. चांगला छोटा बॉयलर तांब्याचा असतो आणि त्याचे सांधे चांदीच्या डाखाने जोडलेले असतात. साध्या डाखाचे कथिल-शिसे १८३ अंशांच्या आसपास वितळू लागते. आतले पाणी संपले तर ज्योत ते तापमान सहज गाठते. त्याला सुरक्षा-झडप, दाबमापक आणि पाण्याची पातळी दाखवणारी काचनळी असते. आणि वापरण्यापूर्वी चालवायच्या दाबाच्या दुपटीने थंड पाण्याची चाचणी घेतात. हवेची नव्हे, पाण्याची. असे का, ते वरच्या परिच्छेदाच्या आधाराने तुम्हीच शोधा.

सुदैवाने इंजिन फिरते का हे पाहण्यासाठी वाफ लागतच नाही. सायकलच्या दुकानातील हवेचा कॉम्प्रेसर पुरतो. नळी जोडा, सांध्यांवर तेलाचे थेंब सोडा, हवा अगदी थोडी उघडा आणि चाकाला बोटाने हलका झटका द्या. झटका द्यावाच लागतो, कारण दट्ट्या टोकाला असताना हवेचा जोर नेमका आसाच्या रेषेत जातो आणि क्रँकला फिरवू शकत नाही. तो क्षण पार करून देण्यासाठीच फ्लायव्हील जड ठेवलेले असते. इंजिन एका बाजूला जोरात आणि दुसऱ्या बाजूला लंगडत फिरत असेल, तर झडप मध्यावर नाही असे समजा. झडपपेटीचे झाकण काढून दोन्ही टोकांना खाच सारखीच उघडते का ते पाहा.

शिक्षकांसाठी एक प्रयोग सुचवतो. चालत्या फ्लायव्हीलवरून सुती फीत घ्या आणि तिची दोन टोके दोन तानकाट्यांना अडकवा. दोन काट्यांतील फरक समजा १०० ग्रॅम भार आला, चाकाची त्रिज्या ३.८ सेंटिमीटर आणि वेग सेकंदाला ८ फेरे, तर शक्ती सुमारे १.९ वॉट. मग त्याच वेगाला सिलिंडर किती वाफ खातो ते वरच्या रीतीने काढा आणि दोन्ही आकड्यांचे गुणोत्तर विद्यार्थ्यांकडूनच फळ्यावर मांडून घ्या. उत्तर शेकडा अर्ध्याच्या आसपास येईल.

इंजिन वाफेवर चालवले असेल तर थांबवल्यावर तसेच ठेवू नका. ते गरम असतानाच चाक हाताने फिरवून आतले सगळे पाणी काढा, झडपपेटीत थोडे तेल सोडा आणि पुन्हा दहा-वीस फेरे द्या. बीड एका रात्रीत गंजते, आणि तुम्ही आठवडाभर खपून घासलेली ती सपाट बैठक सकाळी तांबूस झालेली दिसते.